अंग आंबलंय आणि आज पुन्हा व्यायाम? या चुका टाळा

रविवारी कळसूबाई उतरून आलात. रात्री जेवलात, गाढ झोपलात. सोमवारी पाय थोडे जड वाटले, पण ऑफिसला गेलात. खरी गंमत मंगळवारी. स्टेशनचा जिना चढताना फारसं काही नाही, उतरताना मात्र कठडा धरून, तिरकं होऊन एकेक पायरी. मागची माणसं वैतागलेली. घरी खुर्चीत बसायचं तर शेवटचे चार इंच धप्पकन पडायचं.

व्यायामानंतरचं दुखणं असंच उशिरा येतं. साधारण बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि बहुतेकदा आठवड्याच्या आत जातं. उतरतानाच का दुखतं यातच त्याचं मूळ आहे. गड उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी शरीराला ब्रेकही लावतो. ताणलं जात असताना जोर लावण्याचं हे काम स्नायूला सगळ्यात महाग पडतं. तंतूंमध्ये अतिसूक्ष्म इजा होतात, मग सूज येते, मग दुखतं. बैठकीत खाली जाताना किंवा डंबेल सावकाश खाली आणताना हेच घडतं.

काट्याने काटा काढायला जाणं

ही चूक मी स्वतः केली आहे. जिममधल्या पहिल्या दिवशी चार सेट स्क्वॉट, चार सेट लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), वर हौस म्हणून पन्नास बैठका. तिसऱ्या दिवशी संडासात बसता येईना. ट्रेनर म्हणाला, "अंग मोडायला अजून एक लेग डे मारा." मारला. खाली गेलो, मांड्यांनी वर उचलायला नकार दिला आणि भार कमरेवर आला. कमरेत उसण भरली. पुढचे पंधरा दिवस व्यायाम बंद.

आंबलेला स्नायू नुसता दुखत नाही, त्याचा जोरही घटलेला असतो. तो कमी पडला की शेजारचे स्नायू आणि सांधे त्याचं काम ओढायला जातात, आणि खरी दुखापत तिथे होते. शिवाय दुखणं थांबलं म्हणजे जोर परत आला असंही नाही. बऱ्याचदा जोर दुखण्यानंतर काही दिवसांनी परततो. चौथ्या दिवशी "आता मोकळं वाटतंय" म्हणून जुनंच वजन उचलणारे यातच फसतात.

मी आता एक साधी चाचणी करतो. दहा मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग खुर्चीजवळ उभं राहून वजनाशिवाय तीन बैठका काढायच्या. पहिली दुखली तर दुखू दे. तिसरी पहिलीपेक्षा सोपी गेली, पूर्ण खाली जाता आलं आणि अंग एका बाजूला कललं नाही, तर त्या दिवशी निम्म्या वजनाने पायांचा हलका व्यायाम चालतो. तिसरी जास्त दुखली तर पाय सोडून खांदे-पाठ घ्यायची. एरवीही एकाच स्नायूच्या दोन जोरकस व्यायामांत किमान ४८ तास जाऊ द्यावेत. नवख्याला सडकून आंबल्यावर चार-पाच दिवसही लागतात, त्यात कमीपणा नाही.

गादी धरून बसणं

हे दुसरं टोक. दुखतंय म्हणून दोन दिवस न हलता पडून राहिलं की उठताना अंग आणखी आखडलेलं. वीस मिनिटं रमतगमत चालणं, हलकी सायकल, पोहता येत असेल तर पोहणं. हालचालीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. इजा लवकर भरून येते असं नाही, पण दिवस सुसह्य होतो.

आंबलं म्हणजे आम्ल साठलं

आपण मराठीत अंग "आंबलं" म्हणतो आणि दह्यातलं आम्लही लॅक्टिक ॲसिडच, त्यामुळे ही समजूत आपल्याकडे जरा जास्तच घट्ट बसली असावी. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे याच ॲसिडचं शरीरातलं रूप, साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. मंगळवारच्या दुखण्याचा आळ त्याच्यावर घालण्यात अर्थ नाही. थिओडोर हॉफ या अमेरिकी संशोधकाने १९०२ मध्येच या उशिराच्या दुखण्याचा संबंध स्नायूतल्या इजेशी जोडला होता. जिममध्ये मात्र अजून "ॲसिड बाहेर काढायला" लिंबूपाणी पाजतात. प्या, उन्हाळ्यात छान लागतं.

स्ट्रेचिंगचंही तसंच. व्यायामाआधी करा की नंतर, या दुखण्यात त्याने नगण्य फरक पडतो. आंबलेला स्नायू जोर लावून ताणू तर मुळीच नका. तेल लावून हलक्या हाताने केलेल्या मालिशने थोडा आराम पडतो. घरातल्या पोराला पोटऱ्यांवर उभं करून तुडवून घेण्याची आपली जुनी पद्धत मात्र या तीन-चार दिवसांत नको. ताज्या इजेवर ते नाचणं आहे.

दुखण्याला गुणपत्रिका समजणं

"दुखलं नाही म्हणजे लागू पडलं नाही" हे वाक्य जिमच्या आरशावर लिहिलेलं नसतं एवढंच. तोच व्यायाम दोन-तीन आठवड्यांत पुन्हा केला की तो खूप कमी दुखतो, कारण स्नायू पहिल्याच फटक्यात सावध होतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. दुखणं कमी होणं ही प्रगतीच. दर आठवड्याला दुखावं म्हणून व्यायाम बदलत राहणारा माणूस कायम नवखाच राहतो. याच गुणाचा फायदाही घेता येतो: मोठ्या ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी घराजवळची एखादी टेकडी दोनदा उतरून या. चढण्याचा सराव सगळे करतात, उतरण्याचा कुणी करत नाही.

गोळी खाऊन मैदानात

वेदनाशामक घेऊन व्यायाम करणं म्हणजे गाडीतला लाल दिवा चिकटपट्टीने झाकणं. त्यात आयबुप्रोफेनसारखी गोळी, वर घामाने पाणी कमी झालेलं, हे मूत्रपिंडाला जड जातं. बर्फाच्या पाण्यात बसण्याचं फॅड आलंय. त्याने बधिरपणा येतो आणि दुखणं कमी वाटतं, पण वजनाच्या व्यायामानंतर रोज बसलात तर स्नायूंची वाढ मंदावू शकते.

भरपाई खरी होते ती झोपेत आणि ताटात. सात तास झोप हवीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) सामान्य प्रौढासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्याला १.४ ग्रॅमच्या पुढे लागतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ८४ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीवर हा हिशोब जुळत नाही. उसळ, अंडी, पनीर, मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळेला हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सगळं दुखणं एकाच पारड्यात

आंबलेलं अंग बहुधा दोन्ही बाजूंना सारखं दुखतं, पसरट दुखतं आणि दिवसागणिक उतरतं. व्यायाम चालू असतानाच कट्कन चमक आली, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय, काळंनिळं पडलंय, तर ती इजा आहे. सांध्यात दुखणं वेगळं. एकाच पोटरीत सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर शिरेत रक्ताची गाठ तर नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्या. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील आणि स्नायू विनाकारण दुखत असतील तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांशी बोला. आणि पावसाळ्यात अंगदुखीबरोबर ताप आला तर तो जिमचा नव्हे. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेणं धोक्याचं.

सगळ्यात गंभीर खूण लघवीची. सवय नसताना अति व्यायाम केल्यावर, विशेषतः उकाड्यात, स्नायू प्रचंड सुजले, हातपाय लुळे वाटले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर फुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतंय. पाणी पिऊन वाट बघू नका, रुग्णालय गाठा.

एक लहानसं, पण बऱ्याच जणांना घाबरवून सोडणारं: जोरदार व्यायामानंतर रक्त तपासलं की एसजीओटी, एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले दिसतात. कागदावर यकृताची शंका, खरं कारण स्नायू. तपासणीच्या आधी आठवडाभर जड व्यायाम थांबवा, आणि आधीच करून बसला असाल तर रिपोर्ट दाखवताना कळसूबाईचं नाव आधी काढा.