लाकूड आणि रेझिनचं पेन करताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी फोन वाजला की विषय काय असणार ते मला आधीच कळतं. "काका, रेझिनमध्ये बुडबुडे आलेत." "काका, चार दिवस झाले, अजून चिकटच आहे." "काका, पेन उभं फाटलं." मुलुंडच्या घराच्या बंद गॅलरीत मी एक छोटं लेथ मशीन (लाकूड गरागरा फिरवून कातायचं यंत्र) बसवलंय, लाकडाची पेनं करतो आणि शिकायला येईल त्याला शिकवतो. दहा जण आले की आठ जण त्याच चुका करतात. मीही केल्यात, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिली चूक, म्हणजे सगळ्या चुकांची आजी: ओलं लाकूड.

काही वर्षांपूर्वी जूनच्या वादळात आमच्या सोसायटीतलं जांभळाचं झाड पडलं. सगळे हळहळले. सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "या झाडाखाली आपली मुलं मोठी झाली, पंधरा ऑगस्टला प्रत्येक घरात याचंच एक पेन देऊ." चोवीस पेनं, हातात जेमतेम दोन महिने. नाही म्हणायला हवं होतं. हवेवर लाकूड मुरायला इंचभर जाडीला वर्ष लागतं, हे मी दुसऱ्यांना तोंड वर करून सांगतो. पण भीड पडली. पेनाच्या मापाच्या काठ्या कापल्या, पंधरा दिवस पंख्याखाली ठेवल्या, वरून हाताला कोरड्या लागल्या आणि मी स्वतःचीच समजूत घातली. झाडाची वेडीवाकडी कड तशीच ठेवून बाजूला पारदर्शक रेझिन (हार्डनर मिसळलं की घट्ट होणारं द्रव) ओतलं, मधल्या चिरेत पितळेचा कीस भरला. दिसायला देखणं काम.

रेझिन घट्ट होताना तापतं. तापलं की लाकडाच्या छिद्रांतली हवा आणि वाफ बाहेर यायला बघते. सोड्याच्या बाटलीत येतात तशी बुडबुड्यांची माळ लाकडाच्या कडेने उठली आणि तिथेच गोठली. नऊ पेनं तिथेच गेली. उरलेली पंधरा झेंडावंदनाला वाटली, टाळ्या वाजल्या.

खरा हिशोब डिसेंबरात झाला. मुंबईची हवा जुलैत पिळून पाणी काढावं अशी आणि थंडीत उत्तरेचा वारा सुटला की ओठ फुटतात. लाकूड आक्रसलं. पेनाच्या पोटात रिफिलसाठी चिकटवलेली पितळेची नळी कशाला आक्रसेल? मग लाकडाला उभी चीर गेली, काहींत लाकूड आणि रेझिनच्या मधे नख जाईल एवढी फट पडली. तळमजल्यावरच्या आजोबांनी पेनाला रबरबँड लावलं होतं. "वापरतोय हो, फक्त बोट चिमटतं." त्यांच्याकडे बघायची लाज वाटली.

आता माझी पद्धत एकच. काठी पाडली की तिच्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दर रविवारी पुन्हा वजन. सलग चार रविवार आकडा हलला नाही तरच ती काठी कामाची. पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे आकडा थांबला तरी विश्वास ठेवू नका. मी एका जुन्या कपाटात 40 वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवलाय, काठ्या त्यात राहतात. ओतण्याआधी त्याच रेझिनचा पातळ हात ब्रशने फिरवायचा, तो चिकटसर झाला की मग बाकीचं ओतायचं. छिद्रं बुजतात. आणि घाई असेल तर रे रोडच्या लाकूडबाजारात जुन्या दारं-खिडक्यांचा साग शोधा. तो आपल्याआधी पन्नास पावसाळे बघून आलेला असतो.

दुसरी चूक रेझिन मोजण्याची. डब्यावर 2:1 लिहिलेलं असतं. ते मापाने की वजनाने, हे वाचायची तसदी कुणी घेत नाही. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. मापाने दोनास एक म्हणजे 100 मिलिलिटरला 50. त्यात रेझिन साधारण 110 ते 115 ग्रॅम भरतं आणि हार्डनर पन्नासच्या आसपास. काट्यावर 100 आणि 50 घेतलंत तर हार्डनर जास्त पडलं. जास्त हार्डनरने लवकर सुकतं हा आणखी एक गोड गैरसमज. फेविकॉल नाही हे. जास्तीचं हार्डनर कुणाशी जोडलंच जात नाही, ते आत तसंच मऊ आणि चिकट राहतं. एका पोराने चहाच्या चमच्याने मोजलं होतं. चमच्याला चिकटून राहिलेलं कोण मोजणार? मोजून झालं की तीन-चार मिनिटं सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत, आणि दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळायचं. दुसरा कप का, असं विचारणाऱ्याचं रेझिन हमखास एका कोपऱ्यात चिकट राहतं. मिसळलेलं रेझिन कपात भरून फोनवर बोलत बसू नका, साठलं की ते तापतं आणि धूर निघतो.

चोवीस तासांत टणक लागलं म्हणून लगेच लेथवर चढवू नका. मी पावसाळ्यात आठवडाभर हात लावत नाही.

बुडबुड्यांवर उपाय म्हणून मध्यंतरी एकाने घरच्या कुकरला कॉम्प्रेसर जोडायचा घाट घातला होता. कुकरचा दाब साधारण 15 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), रेझिनला लागतात चाळीसच्या वर. तो कुकर नव्हे, सुतळी बॉम्ब. प्रेशर पॉट, म्हणजे दाबाने बुडबुडे बारीक करणारं खास भांडं, परवडत नसेल तर बुडबुडे असलेलं पेन वापरा, डोळे तरी शाबूत राहतील.

पारदर्शक रेझिनमधून आतली पितळेची नळी आणि गोंदाचे डाग सगळं दिसतं. हे लेथवर पेन गुळगुळीत झाल्यावर लक्षात येतं आणि तेव्हा काही करता येत नाही. भोक पाडून झालं की आतून रंग द्यायचा, नळीलाही द्यायचा, वाळू द्यायचा, मगच चिकटवायचं.

भोक पाडताना ड्रिल एका दमात आत घालू नका. थोडं जा, बाहेर काढा, भुसा झटका, गार होऊ द्या. नागदेवी स्ट्रीटवर चांगलं 7 मिलिमीटरचं ड्रिल बिट मिळतं, तिथे दहा-वीस रुपयांची काटकसर करू नका.

पितळेचा कीस आणि फिकं लाकूड एकत्र असेल तर घासताना पितळेची काळी पूड लाकडात बसते. आधी लाकडावर पातळ सुपरग्लूचा हात द्या.

सुपरग्लू कापसाने किंवा सुती चिंधीने लावू नका. भसकन तापतो, धूर येतो, बोट भाजतं. टिशू पेपर घ्या.

पॉलिश पेपरचे नंबर गाळू नका. 240 वरून थेट 600 वर उडी मारली की रेझिनमध्ये गोल ओरखडे राहतात आणि ते नेमके गिऱ्हाइकाच्या ट्यूबलाइटखाली दिसतात. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने एकदा हात फिरवायचा.

शिसव कातताना मास्क लावाच. त्याचा भुसा काहींना अंगावर पुरळ आणतो, काहींना धाप लावतो. मास्कमुळे गुदमरतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी लेथला हातच लावू देत नाही.

शेवटी जोडणी. सगळं नीट करून इथे पेन घालवणारे महाभाग आहेत. रिफिल आत-बाहेर करणारं फिरवायचं मेकॅनिझम नळीत एका झटक्यात दाबतात, ते जास्त आत जातं, रिफिलचं टोक नको तेवढं बाहेर राहतं आणि परत ओढावं तर लाकूड फुटतं. एक मिलिमीटर दाबा, रिफिल घालून फिरवून बघा, पुन्हा एक मिलिमीटर.