नागपुरात खोली बघताना आधी पाणी, मग ऊन

बँकेच्या बदलीनं मी २०२३ च्या मे महिन्यात साताऱ्याहून नागपुरात आले. एजंटनं शंकरनगरकडची तळमजल्याची गार खोली दाखवली. मागे कंपाऊंडची भिंत, भिंतीपलीकडे नाला. मी उकाड्यानं इतकी वैतागले होते की नाल्याकडे बघितलंच नाही. २३ सप्टेंबरच्या पहाटे जाग आली तेव्हा पिठाचा डबा तरंगत तरंगत पलंगापाशी आलेला होता. रात्रभर धो धो पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदी वस्त्यांत शिरलेली.

म्हणून पहिलं काम. ज्या नदीवरून शहराला नाव पडलं, ती नाग नदी कुठून जाते ते नकाशात बघा. अंबाझरीकडून निघून ती शहराच्या मधोमध पूर्वेकडे जाते. एरवी ती नाल्यासारखी दिसते, त्यामुळे नवखा माणूस फसतो. पावसाचं पाणी कुठवर येतं हे घरमालकाला विचारू नका. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारा, "भाऊ, तेवीसच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" तो हात गुडघ्याला लावतो की कमरेला, ते बघा. जिन्याखालच्या भिंतीवर नवा रंग फक्त तीन फुटांपर्यंतच दिला असेल, तर समजून जा.

आता ऊन. पुराला घाबरून मी दुसरी खोली थेट गच्चीखालची घेतली, हाही शहाणपणा नव्हता. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि स्लॅब रात्री अकरालाही भाजून काढतो. पहिला किंवा दुसरा माळा घ्या, वर अजून एक मजला असू द्या, पश्चिमेला मोठी खिडकी नको.

कूलर मार्चमध्येच बसवून घ्या, एप्रिलमध्ये मिस्त्री फोन उचलत नाही. तो खिडकीबाहेर बसतो आणि बाहेरची कोरडी हवा आत ओढतो. समोरची एखादी खिडकी उघडी ठेवली नाही, तर खोली चिकट होते. मी पहिल्या वर्षी सगळं गच्च बंद करून बसले होते, शेजारच्या काकूंनी येऊन खिडकी उघडली. "काहून कोंडून घेऊन राहिली?" कूलरमधलं गवत दरवर्षी बदलायचं. कूलर पाणी भरपूर पितो, म्हणून नळ किती वाजता येतो आणि टाकी केवढी, हे भाड्याच्या आधी विचारा.

ये-जा सोपी आहे. मेट्रोच्या दोन मार्गिका, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. लोक नुसतं बर्डी म्हणतात.

भाजी गोकुळपेठेत घ्या. पण एक लक्षात असू द्या. काकूंनी मला पाठवलं, "दहा रुपयांचा सांबार आण." मी दुकानातून सांबार मसाल्याचं पाकीट आणलं. काकूंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कोथिंबीर हवी होती. वडीचं पीठ तोवर भिजून गेलेलं.