प्रीकास्टच्या यार्डात पहिलं वर्ष

सिव्हिलची पदवी घेऊन मी प्रीकास्टच्या यार्डात, म्हणजे इमारतीच्या काँक्रीटच्या भिंती आधीच ओतून तयार करतात त्या कारखान्यात, रुजू झालो, तेव्हा घरच्यांना वाटलं की पोराला साइट मिळाली नाही. मलाही तसंच वाटायचं. आता नवी मुलं विचारतात, साइट घेऊ की यार्ड? मी सांगतो, पहिलं वर्ष यार्डात काढा, पण तुमच्या हातची भिंत बसताना बघायला साइटवर जात राहा.

साइटवर चुकलं तर छिन्नी-हातोडा हाताशी असतो. वायरिंगचा पाइप राहिला, मारा खाच. यार्डात भिंत लोखंडी साच्यात आडवी भरतात. खिडकीची जागा, विजेचे बॉक्स, उचलायचे हुक, खालच्या भिंतीतून वर आलेल्या डॉवेल (जोड) सळया शिरायचे स्लीव्ह (पोकळ नळ्या), सगळं काँक्रीट पडायच्या आधी जागेवर लागतं. घरातला स्विच कुठे येणार, हे त्याआधी कित्येक आठवडे ड्रॉइंगवर ठरलेलं असावं लागतं. 2022 मध्ये सिडकोने नवी मुंबईतल्या बामणडोंगरीत प्रीकास्टनेच 96 दिवसांत 96 घरांची इमारत उभी केली. असा वेग हवा असेल तर साइटवर विचार करत बसायला वेळच उरत नाही.

चौथ्या महिन्यात माझ्याकडून चूक झाली. साचा साफ करून परत जोडताना स्लीव्ह धरणारी पट्टी सरकली होती. मी टेपने न मोजताच चेकलिस्टवर सही केली. नऊ भिंती तशाच निघाल्या. सहाव्या मजल्यावर पहिली भिंत क्रेनला लटकलेली आणि सळई स्लीव्हमध्ये शिरेना. फरक 15 मिमीचा. एक जण सळई वाकवायला पाइप घेऊन आला. आमच्या मिस्त्रींनी त्याचा हात धरला. ‘साहेब, भिंत खाली घ्या. वाकवलेली सळई उद्या कुणाला दिसायची नाही, पण वजन तिच्यावरच येणार.’ नऊच्या नऊ भिंती बाद झाल्या.

सांध्याशी तडजोड का करायची नाही, हे लंडनच्या रोनन पॉइंटने 1968 मध्येच दाखवलंय. 22 मजली इमारत, 18व्या मजल्यावर गॅसचा स्फोट. एक भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. भिंती-स्लॅब एकमेकांना पुरेसे बांधलेलेच नव्हते.

वजनाचा हिशोब तोंडपाठ ठेवा. काँक्रीटच्या एका घनमीटरचं वजन अडीच टन धरा. 3.6 मीटर लांब, 3 मीटर उंच आणि 160 मिमी जाड भिंत सव्वाचार टनांच्या वर जाते. साच्यातून सुटताना ती चिकटून बसलेली असते, त्यामुळे हुकावर आणखी ताण येतो. म्हणून उचलण्याआधी क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा, फोडून ताकद बघायची. तो क्यूबही भिंतीशेजारीच ठेवलेला हवा. पाण्याच्या टाकीतल्या क्यूबवरून भिंतीची खरी ताकद कळत नाही.

आमचे मिस्त्री मूळचे सेंट्रिंगचे, वीस वर्षं फळ्या आणि बल्ल्यांवर काढलेली. कारखान्यात त्यांच्या हातच्या कसबाला काय किंमत, असं लोक म्हणत. पण साच्याची कड किंचित उघडली तरी त्यांना बोट फिरवून कळायचं. मी तेच शोधायला गेज घेऊन फिरायचो. पावसाळ्यात साइट थांबली की बिगाऱ्याची हजेरी बुडते, छपराखाली ती रोज लागते. बांबूच्या परांचीवर लटकणंही नाही. मात्र काँक्रीट नीट बसावं म्हणून साचा हलवणाऱ्या व्हायब्रेटिंग टेबलाजवळ आठ तास कानठळ्या बसतात. तिथल्या माणसांना कानात घालायचे प्लग मिळाले का, हे इंजिनिअरनेच बघायचं. ते आपलंच काम आहे.

रुजू झालात की एक भिंत निवडा आणि तिचा नंबर वहीत लिहा. सळई बांधण्यापासून ट्रेलरवर चढेपर्यंत तिच्यामागे राहा. ती बसल्यावर स्लीव्हमध्ये ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरतानाही तिथे थांबा. ग्राउट स्लीव्हच्या खालच्या भोकातून भरतात. वरच्या भोकातून तो एकसारखा बाहेर यायला लागला की मगच बूच मारू द्या.