साथ येण्याआधी जिल्ह्याने काय तयार ठेवावं

यादीची सुरुवात औषधांच्या कोठारापासून नको, मेलेल्या उंदरांपासून करा. १९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरून पडले, मग माणसांच्या अंगावर प्लेगच्या गाठी दिसल्या. गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचाही क्रम बहुधा तोच. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे जंगलात माकडं मरू लागली की त्या भागात वावरणाऱ्यांच्या तापाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. म्हणून आशाताई, वनरक्षक, पशुवैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांचे नंबर एकाच कागदावर लिहून प्रत्येक आरोग्य केंद्रात लावा. मेलेल्या माकडाला कोणी हात लावायचा नाही, खबर कोणाला द्यायची आणि रविवारी फोन कोण उचलणार, हेही त्याच कागदावर हवं.

मग नमुना. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत अतिघातक विषाणू हाताळणारी प्रयोगशाळा आहे, पण नमुना गळका किंवा गरम झालेला पोचला तर तिचा उपयोग शून्य. तिहेरी आवरणाचे डबे, आईस पॅक, पूर्ण भरलेला फॉर्म आणि रात्री निघू शकणारी गाडी, चारही गोष्टी एकाच ठिकाणी तयार ठेवा.

औषधांचा हिशेब मात्र कागद-पेन घेऊनच करा. सुरतेत १९९४च्या सप्टेंबरमध्ये प्लेगची बातमी फुटली आणि दुकानांतली प्लेगवरची गोळी टेट्रासायक्लिन बघता बघता संपली. प्लेगच्या रुग्णाशी जवळचा संपर्क आलेल्यांना डॉक्सिसायक्लिन रोज दोन, सात दिवस. म्हणजे ५,००० माणसांना ७०,००० गोळ्या. अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य आजाराचे बीजाणू श्वासातून गेल्याचा संशय असेल तर तोच कोर्स ६० दिवसांचा, म्हणजे ६ लाख गोळ्या. एवढा साठा प्रत्येक जिल्ह्याने बाळगणं परवडणार नाही, त्याची गरजही नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचा साठा आपल्याकडे आणि उरलेला राज्याच्या कोणत्या गोदामातून किती तासांत येईल, याचं लेखी उत्तर फाईलला हवं. मुलांचे डोस वजनानुसार वेगळे काढावे लागतात, त्यांचा तक्ता आधीच बनवा. साठा कुलपात सडवू नका. ज्याची मुदत आधी संपते ते रोजच्या ओपीडीत वापरून टाका आणि तेवढंच नवं भरा.

ज्या आजाराला गोळीच नाही, त्याचं काय? माकडतापाची जुनी लस पुरेसं संरक्षण देत नव्हती म्हणून बंद झाली. वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या निपाह विषाणूवर लस नाही. केरळात कोझिकोड आणि मलप्पुरमला २०१८ साली त्याने १७ माणसं गेली, आणि ऑस्ट्रेलियातून मागवलेली अँटीबॉडी पोचली तोवर साथ ओसरत आली होती. ती रोखली रुग्ण वेगळे ठेवण्याने आणि संपर्कातल्या माणसांचा २१ दिवस माग ठेवण्याने. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातली परिचारिका लिनी पुथुसेरी याच साथीत रुग्णसेवा करताना लागण होऊन गेली. म्हणून माझा आग्रह आहे की एन-९५ मास्क, गाऊन, हातमोजे आणि फेस शील्ड जिल्ह्याच्या भांडारात नव्हे, रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाताशी असावेत. त्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच हवी. गाऊन उतरवताना लागण होण्याचा धोका जास्त, तेव्हा उतरवण्याचा सराव घालण्याइतकाच घ्या.

लसींसाठी २ ते ८ अंशांचा आयएलआर, म्हणजे लसी थंड ठेवणारा खास फ्रीज, चालू आहे का आणि वीज गेल्यावर जनरेटरला डिझेल आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

माणसांच्या विश्वासाची तरतूद कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही. पुण्यात १८९७ साली प्लेग आवरण्यासाठी ब्रिटिश सोजीर घराघरांत घुसले आणि लोकांनी रुग्ण लपवले. तापाचा रुग्ण घरात आहे, हे सांगणाऱ्या कुटुंबाची रोजी बुडणार असेल तर आजही ते लपवलं जाईल. विलगीकरणातल्या घराला रेशन कोण पोचवेल, बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणत्या निधीतून होईल, अंत्यविधी सन्मानाने कसा करायचा, हे सरपंच, मौलवी, गुरव, बचतगटाच्या ताया यांच्यासोबत बसून शांततेच्या काळातच ठरवा.

माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत असतो, म्हणून रंगीत तालीम नोव्हेंबरमध्ये घ्या, तीही न सांगता आणि रात्री. तालुक्यातून पहिला फोन गेल्यापासून शेवटच्या गावातल्या माणसाच्या हातात गोळी पडेपर्यंत किती तास लागले, ते रजिस्टरमध्ये लिहा. वेळ कुठे गेला, कोणाची सही अडली, तेही त्याच पानावर लिहून पान जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवा.