डिझेल पिकअपसाठी बाहेरचा फीड पंप: आधी गेज, मग गॅलन

टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ढकलणारा जादा पंप म्हणजे फीड पंप. तो फास कंपनीचा घ्यावा की एअरडॉगचा, या वादात बहुतेक लोक थेट उडी मारतात. दोन्ही कंपन्या अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या आणि दोघांची मुख्य रचना जवळपास सारखी आहे. चासीला बसणारा विजेवरचा पंप, त्याला दोन फिल्टर (एक पाणी वेगळं करणारा, एक बारीक कचरा अडवणारा) आणि हवा व जास्तीचं डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन. गाडीला खरा फरक पडतो तो प्रेशरच्या सेटिंगने, टाकीतल्या पाइपने आणि वायरिंगने. लोगोने फारसा पडत नाही.

आपल्या इंजिनाला गरज आहे का?

२००१ ते २०१६ च्या ड्युरामॅक्स (शेव्हरोले आणि जीएमसीचं डिझेल इंजिन) पिकअपना कंपनीतून फीड पंपच येत नाही. इंजेक्टरना डिझेल पुरवणारा इंजिनावरचा हाय प्रेशर पंप टाकीपासून पुढपर्यंत डिझेल ओढून घेतो. सगळी लाइन ओढीखाली असल्यामुळे जोडातली एखादी ओ-रिंग (रबरी कडं) जरी सुकली तरी हवा आत जाते, आणि बाहेर थेंबही दिसत नाही. बाहेरच्या पंपाचा सर्वांत मोठा फायदा याच गाड्यांना होतो. २०१७ पासून ड्युरामॅक्सला टाकीतच पंप आला, तेव्हा त्या गाड्यांत घाई नको.

१९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या २४ व्हॉल्व्ह कमिन्समध्ये (डॉज रॅम पिकअपचं डिझेल इंजिन) व्हीपी४४ हा इंजेक्शन पंप आहे. तो डिझेलनेच थंड होतो आणि डिझेलनेच वंगण घेतो. इंजिनाला लागून बसवलेला मूळ फीड पंप अशक्त झाला की हा महागडा पंप जातो. इथे पूर्ण लोडखालीही प्रेशर गेजचा काटा १० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली जाऊ देऊ नका. १४ ते १८ च्या दरम्यान राहिला तर उत्तम.

सीपी३ हा हाय प्रेशर पंप असलेल्या कमिन्स आणि ड्युरामॅक्सना ८ ते १२ पीएसआय पुरतं. फोर्डच्या ६.० लिटर पॉवरस्ट्रोकचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे ४५ पीएसआयच्या खाली गेलं की इंजेक्टर मार खातात. म्हणून एका गाडीचं किट दुसरीला लावायचं असेल तर आधी प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरची स्प्रिंग बघा. मोटर तीच असली तरी स्प्रिंग वेगळी असते.

सीपी४ या दुसऱ्या हाय प्रेशर पंपाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा: फीड पंप लावला की तो सुरक्षित होतो, हा. या पंपात कॅमवर चालणारा रोलर असलेला टॅपेट (दट्ट्या ढकलणारा भाग) आडवा फिरला की कॅम घासतो आणि धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. भरपूर आणि हवाविरहित पुरवठा मिळाला तर धोका कमी होतो, पण टॅपेट फिरणं थांबवणारी गोष्ट फीड पंपात नाही. रॅमनेही २०१९ आणि २०२० मध्ये हा पंप वापरून २०२१ ला पुन्हा सीपी३ कडे मोहरा वळवला. चुऱ्याची भीती असेल तर हाय प्रेशर पंपाचं रिटर्न वेगळं वळवणारं बायपास किट हा निराळा खर्च आहे, फीड पंपाला त्याचा पर्याय समजू नका.

हवा येते कुठून?

तीन ठिकाणांहून. टाकीत डिझेल हिंदकळून आणि रिटर्नची धार वरून पडून फेस होतो. ओढणाऱ्या बाजूच्या जोडांतून हवा शिरते. आणि दाब कमी झाला की डिझेलमध्ये विरघळलेली हवाही बुडबुडे होऊन सुटते. पंप टाकीजवळ, टाकीतल्या पातळीच्या खाली बसवला की दुसरं आणि तिसरं कारण बरंचसं तिथेच संपतं, कारण पुढच्या लांब लाइनीत ओढ न राहता दाब राहतो. उरलेले बुडबुडे वेगळे करून रिटर्नने परत पाठवणं हे त्यानंतरचं काम. फिल्टर नसलेला नुसता पंप हवा असेल तर एअरडॉगचा रॅप्टर आणि फासचा डीआरपी मिळतो. मूळ फिल्टर नीट असेल आणि तक्रार फक्त प्रेशरची असेल तर तो पुरेसा असतो, खर्चही कमी.

१०० की १६५ गॅलन?

डब्यावरचा आकडा ताशी गॅलनमध्ये आणि बहुधा मोकळ्या प्रवाहाचा असतो. १०० गॅलन म्हणजे सुमारे ३८० लिटर, १६५ म्हणजे सुमारे ६२५ लिटर. ४०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चाललं तरी तासाला साधारण ७५ ते ८० लिटर जाळतं. बाकीचं डिझेल थंडाव्याला आणि रिटर्नला जातं. त्यामुळे मूळ ताकदीच्या गाडीला १०० चा पंप भागतो, ट्यूनिंग आणि मोठे इंजेक्टर असतील तर १५० ते १६५ घ्या. त्याच्या पलीकडचे पंप दोन हाय प्रेशर पंप लावणाऱ्यांसाठी. उगाच मोठा घेतला तर जास्तीचं डिझेल सतत टाकीत फिरत राहतं, तापतं, फेसाळतं, आणि मोटरचा आवाजही वाढतो.

बसवताना

गाडी थंड, बॅटरीची निगेटिव्ह सुटी, टाकी पाव भरलेली असताना काम करा. पंप चासीला अशा जागी लावा की एक्झॉस्ट लांब राहील आणि खाली फिल्टर फिरवून काढायला हात जाईल. पुढच्या सर्व्हिसला याचीच आठवण येते.

टाकीतल्या पाइपवर वेळ द्या, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच. अर्धा इंची ओढनळी तळापासून सुमारे १० ते १२ मिलिमीटर वर संपली पाहिजे. टोक ४५ अंशात कापा, म्हणजे प्लॅस्टिकची टाकी तळातून वर आली तरी तोंड बंद होणार नाही. नळी आखूड राहिली तर पाव टाकीला गाडी बंद पडते आणि लोक पंपाला दोष देतात. रिटर्नची नळी ओढनळीच्या शेजारी नको. तिचं तोंड डिझेलच्या पातळीखाली जाऊ द्या, म्हणजे धार पडून फेस होत नाही. टाकीच्या तळाला भोक पाडून लावायचा संप (छोटं भांडं) शेवटच्या थेंबापर्यंत ओढतो, पण खडबडीत रस्त्यावर दगडाचा पहिला फटकाही त्यालाच. कच्च्या रस्त्याची गाडी असेल तर टाळा.

होज डिझेलसाठीचीच घ्या, ओढीने चपटी होणारी नको. वायरिंगला रिले (छोट्या सिग्नलने मोठा करंट चालू करणारा स्विच) हवाच: बॅटरीतून फ्यूजसह जाड वायर, आणि रिलेला चावीनंतर चालू होणारा सिग्नल. पंप चालू असताना त्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर अर्थिंग घासून पुन्हा लावा.

कचरा फिल्टरमध्ये बाहेरून डिझेल भरू नका, ते न गाळलेलं असतं आणि स्वच्छ बाजूला जातं. चावी चार-पाच वेळा फिरवून पंपाला स्वतः भरू द्या, मग स्टार्टर मारा.

गेज आणि निदान

गेज सगळ्या फिल्टरनंतर, हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी लावा. इंजिनावरचा मूळ फिल्टर ठेवला असेल तर त्याच्याही पुढे. गेजच्या आधी स्नबर (दाबाचे ठोके शमवणारा छोटा जोड) किंवा नीडल व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर ठोक्यांनी काटा लवकर मरतो. नवे फिल्टर असतानाचा आकडा लिहून ठेवा. पुढे तो २-३ पीएसआयने उतरला की फिल्टर बदला, किलोमीटरची वाट बघू नका.

आयडलला प्रेशर ठीक पण चढावर पडतं: फिल्टर भरलाय किंवा ओढीच्या बाजूला अडथळा आहे. पंपाच्या आधी व्हॅक्यूम गेज लावून पाऱ्याच्या ५ इंचांहून जास्त ओढ दिसली तर टाकीतली नळी तपासा. काटा थरथरतो: हवा. ओढीच्या बाजूला पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता घाला, बुडबुडे दिसले तर टाकीकडचे जोड एकेक उघडून ओ-रिंग बदला. मोटर फिरते पण प्रेशर शून्य: बहुधा पंप कोरडा पडलाय किंवा रेग्युलेटरच्या गोळीखाली कचरा अडकलाय. प्रेशर गरजेपेक्षा जास्त: रिटर्न होज कुठेतरी मुरगळलेली आहे.

कडाक्याच्या थंडीत चासीवरच्या बारीक फिल्टरमध्ये डिझेलमधलं मेण आधी साचतं, कारण मूळ फिल्टरसारखा तिथे हीटर बहुधा नसतो. थंड प्रदेशात हीटरची सोय असलेलं मॉडेल घ्या, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर हिवाळ्याआधीच बदला.