मिनीगेममध्ये हायस्कोअर, मॅचमध्ये हार: या चुका टाळा

स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममधल्या हादो पिझ्झाच्या दुकानात, म्हणजे कमांड देऊन पिझ्झा करायच्या मिनीगेममध्ये, एकही ऑर्डर चुकत नाही, आणि खऱ्या मॅचमध्ये मात्र ऐन वेळी हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) निघत नाही. जळगाव असो, धुळे असो की शिरपूर, तक्रार हीच असते. पहिला संशय पॅडवर जातो. "भो, मन्हा पॅड बिघडी गया." पॅड बहुतेक वेळा ठणठणीत असतो. घोळ असतो सराव कसा केला त्यात.

मिनीगेमची प्रथा जुनी आहे. १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरमध्ये विटा फोडायच्या असायच्या, १९९१ च्या दुसऱ्या भागात गाडीचा चुराडा करायचा. १९९९ च्या थर्ड स्ट्राइकमध्ये शॉन हे पात्र बास्केटबॉल फेकतं आणि आपण ते पॅरी करायचे, म्हणजे नेमक्या क्षणी अडवायचे. २०२३ साली आलेल्या सहाव्या भागाने तर वर्ल्ड टूरमध्ये अशा छोट्या कामांची रांगच लावली. पिझ्झा करताना हात कमांड शिकतो, बॉल अडवताना डोळा टायमिंग शिकतो. हे सगळं उपयोगाचंच आहे. पण तालमीत जोर-बैठका मारून अंग तयार होतं, समोरच्याने पट काढला तर काय करायचं ते जोर शिकवत नाहीत. मिनीगेम एकच गोष्ट पक्की करून घेते आणि तिच्या आजूबाजूचं सगळं काढून टाकते. खालच्या जवळजवळ प्रत्येक चुकीचं मूळ तिथेच आहे.

बॉल कधी थ्रो करत नाही

बास्केटबॉल पॅरी करण्यात पटाईत झालेला खेळाडू मॅचमध्ये सारखा ड्राइव्ह पॅरी (सहाव्या भागातली पॅरी) धरून बसतो. बॉल यायचा तो अंगावरच, त्यामुळे पॅरी हेच नेहमी बरोबर उत्तर. मॅचमध्ये समोरचा माणूस दोनदा पाहतो, तिसऱ्यांदा चालत येतो आणि थ्रो करतो, म्हणजे पकडून आपटतो. पॅरीमध्ये असताना थ्रो बसला तर तो पनिश काउंटर ठरतो, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मार. शिवाय पॅरी धरून ठेवली की ड्राइव्ह गेज (पॅरीसारख्या गोष्टींना लागणारी ताकदीची पट्टी) खाली येत राहतो, तो वेगळाच.

उपाय ट्रेनिंग मोडमध्ये आहे. डमीला, म्हणजे सरावासाठीच्या नकली प्रतिस्पर्ध्याला, तीन गोष्टी रेकॉर्ड करून द्या: एका स्लॉटमध्ये उडी मारून किक, दुसऱ्यात पुढे येऊन थ्रो, तिसऱ्यात नुसतं पुढे येऊन थांबणं. प्लेबॅक रँडम ठेवा. आता नुसतं टायमिंग पुरत नाही, काय येतंय ते आधी ओळखावं लागतं. सुरुवातीला परफेक्ट पॅरी (फटका लागतानाच्या अगदी नेमक्या क्षणी केलेली) एकदम कमी होतील. होऊ द्या. परफेक्ट पॅरीची खिडकी दोनच फ्रेमची आहे. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो, म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद. तिच्यामागे लागण्याआधी थ्रो ओळखून सुटायला शिका, मॅच त्यानेच वाचतात.

२००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेतला, थर्ड स्ट्राइकवरचा दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा सामना बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जस्टिनच्या चुन-ली या पात्राच्या सुपरचे (मीटर भरल्यावर मारता येणाऱ्या मोठ्या हल्ल्याचे) १५ फटके दाइगोने एकामागोमाग पॅरी केले. तो ताल एकट्याने बसूनही घोटता येतो. पण जस्टिन आता सुपरच मारणार हा अंदाज माणसांशी खेळूनच येतो, आणि आपल्या सरावातून नेमका हाच भाग सुटतो.

हादोकेन मारायला गेलो, शोर्युकेन निघाली

ही अडचण सगळ्यात जास्त छळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हादोकेन म्हणजे खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच. शोर्युकेन, म्हणजे हवेत उडून मारायचा ठोसा, तिची कमांड पुढे, खाली, खाली-पुढे आणि पंच. पिझ्झाच्या काउंटरवर तुमचा अंगठा प्रत्येक कमांडच्या आधी मोकळा असतो. मॅचमध्ये तुम्ही पुढे चालत असता आणि चालता चालताच हादोकेन फिरवता. गेमला दिसतं: पुढे, खाली, खाली-पुढे, पुढे, पंच. त्यात शोर्युकेन पूर्ण दडलेली आहे आणि गेम तिलाच आधी मान देतो. तुमचा माणूस हवेत उडतो, समोरचा खाली उभा राहून वाट पाहतो.

तपासायला इनपुट डिस्प्ले चालू करा आणि चुकलेल्या वेळची बाणांची ओळ वाचा. सुरुवातीलाच 'पुढे'चा बाण दिसला तर रोग सापडला. चालणं थांबवून अंगठा क्षणभर मधे येऊ द्या, किंवा आधी खाली-मागे बसा आणि तिथून फिरवा. 'खाली-पुढे'चा तिरका बाणच दिसत नसेल तर मात्र वेगळं दुखणं आहे: अंगठा घाईत कोपरा कापतोय. तिथे वेग कमी करूनच सराव करावा लागतो, आणि तो पिझ्झाच्या दुकानात छान होतो.

बाजू बदलण्याचाही विसर पडतो. एकाच बाजूने कमांड घोटल्या की समोरचा डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला की हात गोंधळतो. अर्धा सराव दुसऱ्या बाजूने करा. यात याहून काही गूढ नाही.

टेक्केन बॉलची जड सवय

टेक्केन ३ वर आपल्याकडे पार्लरमध्ये एक आख्खी पिढी वाढली, त्यामुळे २०२४ मध्ये टेक्केन ८ मध्ये टेक्केन बॉल (फटक्यांनी बॉल समोरच्यावर मारायचा खेळ) परत आला तेव्हा फार बरं वाटलं. अंतराचा अंदाज यायला हा खेळ उत्तम. फक्त त्यात जितका जड फटका तितका बॉलचा मार मोठा, म्हणून हात आपोआप मोठ्या, सावकाश मूव्हकडे जातो. मॅचमध्ये तीच मूव्ह समोरच्याने ब्लॉक केली की उत्तर ठरलेलं. बॉल खेळून झाल्यावर थोडा वेळ पनिशमेंट ट्रेनिंगला द्या, म्हणजे कोणत्या फटक्याला काय उत्तर बसतं ते हाताला कळेल.

मॉर्टल कॉम्बॅटच्या १९९२ च्या पहिल्या भागात टेस्ट युअर माइट होतं, बटणं बडवून मीटर भरायचा. गंमत म्हणून खेळा, सराव म्हणून नको. बडवायची सवय लागली की ब्लॉक केल्यानंतरही बोटं थांबत नाहीत आणि काउंटर हिट (आपण फटका मारत असतानाच बसणारा मार) खात राहता.

हात चुकतोय की मशीन?

याची एक सोपी कसोटी आहे. टायमिंगच्या मिनीगेममध्ये तुमच्या चुका कोणत्या बाजूला पडतात ते पाहा. कधी लवकर, कधी उशिरा असं होत असेल तर हात अजून बसलेला नाही. दर वेळी उशीरच, तोही साधारण सारखाच, तर टीव्ही किंवा पॅड तपासा. टीव्हीवर गेम मोड लावा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही जो वेळ खातो, तो दोन फ्रेमपेक्षा सहज जास्त असू शकतो. वायरलेस पॅड असेल तर एकदा वायर लावून खेळून बघा. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून नवा पॅड आणण्याआधी हे दोन्ही करून पाहा, पैसे वाचतील.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी आपल्या भागात आणखी एक कारण आहे. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, त्यात चार्जर लावून गेम चालू. तापलेला फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो, फ्रेम गळतात आणि सकाळी बसलेलं टायमिंग दुपारी बसत नाही. अशा वेळी अंगठ्याला दोष देऊ नका आणि नवीन टायमिंगही शिकू नका, कारण संध्याकाळी फोन थंड झाला की ते चुकीचं ठरेल. कव्हर काढा, चार्जर काढा, टायमिंगचे खेळ सकाळी खेळा. ओला अंगठा स्क्रीनवर धड सरकत नाही. जवळ एक सुती रुमाल ठेवा.

किती वेळ?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुण्याहून मावसभाऊ येणार आणि त्याला हरवायचंच, म्हणून आदल्या दिवशी दुपारभर पिझ्झा करत बसणारे असतात. त्याने फोड येतो, खेळ सुधारत नाही. पंधरा मिनिटं मिनीगेम, तेवढाच वेळ तीच गोष्ट रँडम डमीसमोर, आणि मग लगेच माणसाशी मॅच. त्या मॅचमध्ये जिंकण्याकडे लक्ष नको; आज घोटलेली एकच गोष्ट किती वेळा करायची संधी आली आणि किती वेळा केली, एवढंच रीप्लेमध्ये पाहा. संधीच आली नसेल तर उद्या वेगळी मिनीगेम निवडा. अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटात दुखायला लागलं तर त्या दिवशी पॅड खाली ठेवा, आणि दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.