खोडावरचा चीक खरवडायच्या आधी हे बघा

आमच्या अंबडकडं मोसंबीच्या खोडावर डिंक दिसला की मानूस आधी कोयता शोधतो. मागच्या महिन्यात भाच्यानं उत्तराखंडच्या ट्रिपवरून चीक गळणाऱ्या चीड पाइनचा फोटो पाठवला, "मामा, हे झाड सडायलंय का?" सडायलं नाही बाबा, ते किड्याशी भांडायलंय.

पहिलं काम, खडा तोडून वाटीभर पाण्यात टाका. फुगला, चिकट झाला तर डिंक. तसाच राहिला आन चोळल्यावर टर्पेंटाईनसारखा वास आला तर ती राळ, म्हंजे पाइन-देवदारवाल्यांचं हत्यार. यात दोन माल असतात, एक पातळ उडून जाणारा, त्यात पाइनीन वगैरे, आन दुसरा घट्ट, सोल्डरिंगवाले वापरतात तो रोझिन. किड्यानं साल पोखरली की आतल्या नळ्या फुटतात, दाबानं चीक बाहेर येतो, किडा त्यात बुडतो, पातळ भाग त्याला विषासारखा लागतो आन तो उडून गेला की मागं राहिलेला घट्ट भाग भोकाला बूच मारतो. झाड एवढ्यावर थांबत नाही, आत जास्मोनेट नावाचं संप्रेरक बोंब मारतं आन पुढच्या काही आठवड्यांत नव्या लाकडात राळेच्या जादा नळ्या तयार होतात. शास्त्रज्ञांनी किडा न सोडता नुसतं मिथाइल जास्मोनेट लावून बघितलं, तरी झाडानं नळ्या केल्याच!

आता गोळा नीट बघा. पांढुरका, लाहीसारखा फुललेला, आत किडा अडकलेला असंल तर झाड जिंकायलंय, हात लावू नका. गोळ्यात तांबूस भुसा असंल, नाहीतर चीकच नाही आन सालीच्या फटीत, बुडाशी नुसता भुसा पडलेला असंल, तर सालपोखरे किडे आत गेलेत. त्यांचा डाव लै बेकार, काही जाती झाडाच्याच पाइनीनपासून वास तयार करून बाकीच्यांना आवतन देतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १९९० नंतर अशानंच लाखो हेक्टर पाइन गेलं. किडा सालीखाली गेल्यावर वरून फवारून काही होत नाही, पिल्लं बाहेर पडायच्या आत झाड काढून साल सोलावी लागते. पाइनच्या सुया, म्हंजे पानं, लाल होईस्तोवर थांबलात तर बहुतेक वेळा किडे पुढच्या झाडावर गेलेले असतात.

दुष्काळ लांबला की चीक आटतो, हे आपल्याला काय सांगायचं, २०१२-१३ ला जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळताना बघितल्यात. दारातली मोरपंखी पण सूचिपर्णीच, म्हंजे पाइन-देवदारच्याच गटातली बरं का, उन्हाळ्यात तिला बुडाशी तांब्याभर नको, घेराच्या कडेनं खोल पाणी द्या.

मोसंबीचा हिशोब मात्र उलटा. तिथं डिंक बहुतेक वेळा फायटोफ्थोरा बुरशीचा, म्हणून तिथं खरवडायचंच, पण कोयत्यानं नाही, स्वच्छ चाकूनं निरोगी सालीपर्यंत. वर बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करा, आन खोडाला पाणी लागणार नाही असं दुहेरी आळं करा. पेस्ट लावायच्या आधी त्यात लोखंडी विळा बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून टाका.